डॉटनंतर हाती काय येतं? प्लगिनसाठी साखळी मेथड रचताना

मागच्या दिवाळीत मी घरी, शेंदूरजनाघाटला होते. पेपरचा मसुदा जवळजवळ तयार होता, आकृत्याही लावून झाल्या होत्या. अमरावती जिल्ह्यातल्या संत्राबागांच्या नोंदी चाळण्यासाठी मी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली आहे. पेपर त्या लायब्ररीच्या रचनेवर आहे आणि आकृत्या त्या नोंदींच्या. बाबांची संत्रा कलमांची रोपवाटिका आहे, त्यामुळे नकाशा त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "काहून वं, चांदूरबाजाराच्या बागा कोनं उपटल्या?"

आकृतीखाली मी लिहिलं होतं, 'जिल्ह्यातील सर्व बागा'. नकाशावर ठिपके होते फक्त वरूड तालुक्याचे. मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर सगळं कोरं. मी रोज हा नकाशा उघडत होते, पण कायम आमच्या वरूडवरच झूम करून. कोडने एकही एरर दिली नव्हती, आणि आकृतीसोबतची बेरीजही अशी होती की कुणाला शंका येऊ नये.

चूक सापडायला रात्रीचे दोन वाजले. ती एका मेथडच्या दोन ओळींत होती, आणि आजचा लेख त्या दोन ओळींवर आहे. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीची तयारी करताय. विश्लेषणासाठी कुठल्यातरी लायब्ररीवर स्वतःचं प्लगिन लिहायची वेळ तुमच्यावर आज ना उद्या येणारच, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आधी एक खुलासा. जावास्क्रिप्टमध्ये चलांची आणि मेथडची नावं देवनागरीत दिलेली चालतात, म्हणून उदाहरणांतली नावं मराठी ठेवली आहेत. फंक्शन, रिटर्न, धिस, न्यू असे राखीव शब्द आणि फिल्टरसारख्या अंगभूत मेथड मात्र रोमन लिपीतच लागतात. इथे मी ते उच्चाराप्रमाणे लिहिलेत. चालवून बघताना तेवढे बदलून घ्या.

साखळी म्हणजे हे:

बागा.तालुका('वरूड').बहार('मृग').एकूण()

डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की अर्थ लागतो: बागा घ्या, वरूडच्या निवडा, त्यातल्या मृग बहाराच्या निवडा, बेरीज सांगा. मधे तात्पुरती चलं नाहीत. जमतं कसं, तर प्रत्येक मेथड काम संपवून असं काहीतरी परत देते की ज्याच्यापुढे आणखी एक डॉट लावता येतो. मार्टिन फाउलर यांनी डिसेंबर २००५ मध्ये एका छोट्या लेखात अशा वाचनीय रचनेला 'फ्लुअंट इंटरफेस' म्हटलं. हे नाव त्यांनी आणि एरिक इव्हान्स यांनी मिळून ठरवलेलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००६ मध्ये, जॉन रेसिग यांनी जेक्वेरी लोकांसमोर आणली आणि साखळी घरोघरी पोचली.

आता माझी चूक. बागसंच नावाचा क्लास, त्यात यादी नावाचा अ‍ॅरे, आणि मेथड अशी:

तालुका(नाव) {
  धिस.यादी = धिस.यादी.फिल्टर(ब => ब.तालुका === नाव);
  रिटर्न धिस;
}

साखळी झकास चालते. पण पहिल्या ओळीने मूळ संचातल्याच बागा गाळून टाकल्या. आकृती एकसाठी मी बागा.तालुका('वरूड') म्हटलं, आणि त्या क्षणापासून 'बागा' या नावाखाली फक्त वरूड उरलं. आकृती दोनसाठी त्याच 'बागा' वापरल्या. झालं! आधी आकृती दोन आणि मग एक काढली असती तर दोन्ही बरोबर आल्या असत्या. म्हणजे निष्कर्ष कोडच्या ओळींच्या क्रमावर अवलंबून होता, आणि पेपर वाचणाऱ्याला तो क्रम दिसतच नाही. शोधप्रबंधात याहून वाईट चूक मला सुचत नाही, कारण एररवाली चूक निदान ओरडते तरी.

दुरुस्ती एवढीच:

तालुका(नाव) {
  रिटर्न न्यू बागसंच(धिस.यादी.फिल्टर(ब => ब.तालुका === नाव));
}

बाहेरून पाहिलं तर साखळी तीच. बागा.तालुका('वरूड') लिहिणाऱ्याला दोन्हींत काडीचा फरक दिसणार नाही. साखळीची खरी अडचण इथे आहे. डॉटनंतर तोच ऑब्जेक्ट बदलून हाती आला, की नवा ऑब्जेक्ट आला, की नुसती एखादी किंमत आली, हे टिंबावर लिहिलेलं नसतं. ते रचना करणाऱ्याने ठरवायचं, आणि वापरणाऱ्याला न पाहता कळेल असं ठरवायचं.

यात फक्त आपण नवशिके फसतो असं नाही, खुद्द भाषेतही हा घोळ आहे. अ‍ॅरेच्या मॅप आणि फिल्टर या मेथड नवा अ‍ॅरे देतात. सॉर्ट आणि रिव्हर्स मूळ अ‍ॅरेच उलटापालटा करतात आणि वर तोच परतही देतात! म्हणजे साखळीत चौघी एका रांगेत उभ्या राहिल्या की सारख्याच दिसतात. तक्त्यासाठी यादी सॉर्ट केली आणि तीच यादी तारखेच्या क्रमाने आलेख काढणाऱ्या फंक्शनला दिली, की आलेखाची वाट लागते. बऱ्याच वर्षांनी, ईएस २०२३ या आवृत्तीत, टूसॉर्टेड आणि टूरिव्हर्स्ड या मेथड आल्या. त्या मूळ अ‍ॅरेला हात लावत नाहीत. जुन्या मेथड बदलता आल्या नाहीत, कारण जगभरचं कोड त्यांच्या त्या वागण्यावर उभं आहे. तुमच्या प्लगिनचंही असंच होईल. पहिल्या दहा वापरकर्त्यांनंतर मेथड काय परत देते हे बदलणं महाग पडतं.

मग बरोबर कसं ठरवायचं? मला जेक्वेरीची वाटणी अजूनही सगळ्यात समजूतदार वाटते. तिथे मेथडचे तीन स्वभाव आहेत. निवडलेल्या घटकांवर काहीतरी करणाऱ्या, उदाहरणार्थ अ‍ॅडक्लास. या तोच संच परत देतात. निवडच बदलणाऱ्या, उदाहरणार्थ फिल्टर किंवा फाइंड. या नवा संच देतात आणि जुना संच आत जपून ठेवतात, त्यामुळे एंड ही मेथड वापरून एक पायरी मागे जाता येतं. आणि विचारणाऱ्या, उदाहरणार्थ कंसात काहीही न देता बोलावलेली टेक्स्ट. या किंमत देतात आणि जेक्वेरीची साखळी तिथेच थांबते. एकदा ही वाटणी डोक्यात बसली की नवी मेथड पाहिल्यावरही अंदाज येतो.

डीथ्रीच्या लोकांनी तर हे कोडच्या मांडणीतच दाखवलं. निवड तीच ठेवणारी मेथड चार जागा आत लिहायची, निवड बदलणारी दोन जागा आत. संगणकाला त्याने काही फरक पडत नाही, पण वाचणाऱ्याला समासावरून कळतं की हाती असलेला संच कुठे बदलला. मी हे वाचलं तेव्हा हसले होते. दिवाळीच्या त्या रात्रीनंतर हसत नाही.

आता प्लगिनकडे येऊ. आमच्या गावात प्लगिन समजावणं सोपं आहे. शेंदूरजनाघाट रोपवाटिकांचं गाव; इथे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. फळ डोळ्याचं, पण पाणी खुंटाच्या मुळांमधून. जेक्वेरीत खुंट म्हणजे डॉलर चिन्हापुढचं एफएन, जे प्रत्यक्षात जेक्वेरीच्या प्रोटोटाइपचंच दुसरं नाव आहे. तिथे तुम्ही एक फंक्शन जोडलं की प्रत्येक संचाला ती मेथड मिळते. पण मेथड तुमची असली तरी तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कड्या दुसऱ्याच्या आहेत. म्हणून प्लगिन लिहिणाऱ्याचा पहिला प्रश्न 'मला काय करायचंय' हा नसून 'यजमान लायब्ररीत अशा स्वभावाची मेथड काय परत देते' हा असतो. तुमचं प्लगिन निवड बदलत असेल आणि यजमान अशा वेळी नवा संच देत असेल, तर तुम्हीही नवाच द्या. तुमचं वैयक्तिक मत काहीही असो.

जेक्वेरी प्लगिनचा ठरलेला साचा 'रिटर्न धिस डॉट ईच' असा आहे. एका ओळीत तीन कामं होतात. संचात दहा घटक असतील तर दहांवर काम होतं, एकही नसेल तर काहीच होत नाही, आणि दोन्ही वेळा साखळी पुढे चालू राहते. रिकाम्या संचावर गप्प राहणं वेब पानासाठी सोयीचं आहे. संशोधनाच्या कोडमध्ये मात्र मला ते नको वाटतं. तालुका('वरुड') असा ऱ्हस्व उकार पडला आणि नोंदीत 'वरूड' असेल, तर रिकामा संच येतो, बेरीज शून्य येते आणि शून्य हे उत्तर म्हणून आकृतीत जाऊन बसतं. माझ्या लायब्ररीत आता अनोळखी तालुक्याचं नाव आलं की सरळ एरर येते. साखळी तुटते, तुटू दे.

याच साच्यात एक खाच आहे. प्लगिनच्या फंक्शनमध्ये 'धिस' म्हणजे संच असतो, तर ईचच्या आतल्या फंक्शनमध्ये 'धिस' म्हणजे एकेक घटक. आणि बाहेरचं फंक्शन तुम्ही बाणाच्या खुणेने लिहिलंत, तर 'धिस' मिळतच नाही, कारण अ‍ॅरो फंक्शनला स्वतःचा 'धिस' नसतो. प्रोटोटाइपवर जोडायची मेथड साध्या फंक्शननेच लिहायची. माझ्या ज्युनिअरचा अख्खा शनिवार यात गेला आहे.

'रिटर्न' लिहायचंच विसरलं तर? मेथड मुकाट्याने अनडिफाइन्ड देते आणि एरर येते ती पुढच्या डॉटवर. म्हणजे चूक बहारमध्ये आणि बोंब एकूणच्या नावाने: 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड'. अशी एरर दिसली की ज्या मेथडचं नाव घेतलंय तिला सोडा, तिच्या डावीकडच्या मेथडला पकडा.

'धिस' परत देण्याचं हे ओझं जावास्क्रिप्टमुळे आपल्यावर आहे, हेही लक्षात ठेवा. स्मॉलटॉकमध्ये अर्धविराम देऊन त्याच ऑब्जेक्टला एकामागून एक संदेश पाठवता येतात आणि डार्टमध्ये दोन टिंबं त्यासाठीच आहेत. तिथे मेथडला जे परत द्यायचं ते द्यायला ती मोकळी असते. आपल्याकडे एकच परतीची जागा आहे आणि ती साखळीने अडवलेली. बर्ट्रांड मेयर यांचं जुनं तत्त्व आहे की मेथडने एक तर काम करावं किंवा उत्तर द्यावं, दोन्ही नाही. साखळी त्याला मुरड घालते. फाउलर यांनीही त्या लेखात हे मान्य करून, या रचनेपुरता तो संकेत बाजूला ठेवायची तयारी दाखवली आहे.

कोण कुणाला जोडलं जातं आणि साखळी कुणाच्या हातात राहते, याचं सुरेख उदाहरण लीफलेटमध्ये आहे. माझा नकाशा त्यातच आहे. नकाशाला खूण जोडायचे दोन मार्ग आहेत. नकाशाची अ‍ॅडलेयर ही मेथड नकाशा परत देते; खुणेची अ‍ॅडटू ही मेथड खूण परत देते. काम एकच, पण अ‍ॅडटूनंतर तुम्ही लगेच बाइंडपॉपअप म्हणून त्या खुणेवर माहितीची चौकट लावू शकता. एकाच कामाला दोन दारं ठेवली, कारण पुढचं वाक्य कधी नकाशाबद्दल असतं तर कधी खुणेबद्दल. प्लगिन रचताना मी आता आधी पाच-सहा साखळ्या कागदावर लिहून काढते, वापरणारा म्हणून. पुढचा डॉट कशावर लागणार हे त्यातून दिसतं, मग मेथड लिहायला घेते.

लीफलेटपुरती एक सूचना: २०२५ मध्ये आलेल्या २.० अल्फा आवृत्तीत लहान अक्षराने सुरू होणारी, न्यू न लिहिता ऑब्जेक्ट बनवून देणारी फॅक्टरी फंक्शनं काढून टाकली आहेत. १.x साठी लिहिलेली प्लगिनं तशीच्या तशी चालतील असं गृहीत धरू नका, आणि पेपरसोबत कोड देताना आवृत्तीचा आकडा लिहाच.

वाचणं आणि लिहिणं एकाच नावाने करणाऱ्या मेथडही सांभाळून रचाव्या लागतात. आलेख.रुंदी() म्हटलं की रुंदी सांगायची, आलेख.रुंदी(र) म्हटलं की ठरवायची आणि आलेख परत द्यायचा. माइक बोस्टॉक यांनी २०१२ मध्ये डीथ्रीचे आलेख पुन्हा वापरता येतील असे कसे रचावेत यावर लिहिलं, त्यात हीच पद्धत आहे. त्यात तपासलं जातं ते किती अर्ग्युमेंट आले हे. बरेच जण त्याऐवजी 'र' अनडिफाइन्ड आहे का हे तपासतात, आणि तिथे फसतात. नोंदीत रुंदी नसेल तर 'र' अनडिफाइन्ड येतो, मेथडला वाटतं की विचारणा झाली, ती आकडा परत देते, आणि पुढच्या डॉटवर साखळी कोसळते. मी स्वतः दोन वेगळी नावं ठेवते. दोन शब्द जास्त टाइप करावे लागतात, त्याला इलाज नाही.

नवा संच देणारं प्लगिन लिहिताना आणखी एक खड्डा आहे आणि तो मला उशिरा कळला. वर मी न्यू बागसंच लिहिलं, त्यात फक्त यादी पुढे गेली. पण मूळ संचावर एकरात मोजायचं की हेक्टरमध्ये हीसुद्धा सेटिंग होती. नव्या संचात ती हरवली आणि मूळ ठरलेलं एकक परत आलं. म्हणून नवा संच बनवायचं एकच दार यजमान लायब्ररीत असावं आणि सगळ्या प्लगिननी त्यातूनच जावं. जेक्वेरीत हे काम पुशस्टॅक करते. माझ्याकडे आता 'पुढचा' नावाची मेथड आहे: यादी बदलते, बाकी सगळं उचलून नेते. प्लगिनमध्ये कुणी थेट न्यू लिहिलेलं दिसलं की मी परत पाठवते.

नावांचं भांडणही इथलंच. बूटस्ट्रॅप आणि जेक्वेरी यूआय दोघांनीही एफएनवर 'बटन' आणि 'टूलटिप' ही नावं घेतली होती. एकाच पानावर दोन्ही आले की नंतर आलेला पहिल्याला पुसायचा. बूटस्ट्रॅपला त्यासाठी नोकॉन्फ्लिक्टची सोय द्यावी लागली. त्याहून मोठी गोष्ट २०१८ ची. मूटूल्स या जुन्या लायब्ररीने भाषेच्या अंगभूत अ‍ॅरेवरच फ्लॅटन नावाची मेथड जोडलेली होती. भाषेत त्याच नावाची मेथड आणायचं ठरलं, तेव्हा जुन्या वेबसाइट मोडायला लागल्या. बरीच चर्चा, थोडी थट्टा झाली आणि शेवटी भाषेने माघार घेऊन नाव फ्लॅट असं ठेवलं. अंगभूत प्रोटोटाइपला हात लावू नका, आणि यजमानाच्या प्रोटोटाइपवर एकाहून जास्त नावं अडवू नका.

किंवा प्रोटोटाइपला हातच लावू नका. डीथ्रीच्या संचावर कॉल नावाची मेथड आहे. तिला तुम्ही तुमचं फंक्शन देता. ती संच त्या फंक्शनच्या हाती सोपवते आणि फंक्शनने काहीही परत दिलं तरी स्वतः तोच संच परत देते. साखळी अबाधित, नावाचं भांडण नाही, आणि 'रिटर्न' विसरण्याची सोयच नाही. माझ्या लायब्ररीत मी अशीच मेथड ठेवली, तिचं नाव 'करा':

बागा.तालुका('मोर्शी').करा(नकाशावरदाखवा).करा(तक्ताछापा)

ज्युनिअर मंडळींना प्लगिन लिहायचं असेल तर मी आधी हाच मार्ग सांगते. निवड बदलायची असेल तेव्हाच प्रोटोटाइपची परवानगी.

फाइल वाचणं, सर्व्हरवरून माहिती आणणं अशी वेळ घेणारी कामं साखळीत आली की मामला बदलतो. मेथड प्रॉमिस परत देते, आणि प्रॉमिसला तालुका वगैरे काही माहीत नसतं. यावर उपाय आहेत: कामांची फक्त यादी करत जायची आणि शेवटच्या एका मेथडने ती चालवायची, साधारण लोडॅशमधल्या चेन आणि व्हॅल्यूसारखं. पण खरं सांगू का, पीएचडीच्या कोडसाठी मी हे करत नाही. माहिती आधी आणायची, अवेट लावून, एका वेगळ्या ओळीत. साखळी त्यानंतर.

आता माझ्याकडे प्रत्येक मेथडमागे दोन चाचण्या आहेत. पहिली विचारते, परत आलेलं मूळ ऑब्जेक्टच आहे की वेगळं, आणि ते दस्तऐवजात लिहिल्याप्रमाणे आहे का. दुसरी मेथड चालवायच्या आधी आणि नंतर मूळ यादीची लांबी आणि क्रम ताडून बघते. शिवाय यादी ऑब्जेक्ट डॉट फ्रीझने गोठवलेली असते, त्यामुळे कुणी तिच्यावर सॉर्ट चालवलं तर जागच्या जागी एरर येते. या चाचण्या लिहायला एक दुपार लागली. त्या लावल्यावर आणखी दोन मेथड सापडल्या ज्या मूळ संच बदलत होत्या. त्यांपैकी एक मी पेपरमध्ये 'सुरक्षित' म्हणून उदाहरणादाखल दिली होती.

आकृती दोन नव्याने काढली. गाइडना मेल करून खरं कारण सांगितलं आणि मसुदा आठवडाभर पुढे ढकलला. बाबांना नवा नकाशा दाखवला तेव्हा ते बराच वेळ मोर्शीच्या बाजूला बोट फिरवत होते, मग म्हणाले, "आता जमलं. पन हा एक ठिपका धरणात कसा गेला?" तो नोंदीतल्या अक्षांशाचा घोळ निघाला. त्यात साखळीचा काही दोष नव्हता.